माणूस नाही तिथे दिवा कशाला? सेन्सरचा खरा हिशोब

आपल्या कापडाच्या धंद्यात मीटर दोन असतात. एक गल्ल्याशेजारी ठेवलेला, ज्याने आपण गिऱ्हाइकाला कापड मोजून देतो. दुसरा जिन्याखाली भिंतीला ठोकलेला. पहिल्या मीटरवर दोन बोटे कापड जास्त गेले तर जिवाला लागते. दुसऱ्या मीटरवर रोज किती जाते याची फिकीर मात्र फारसे कोणी करीत नाही. महिन्याला महावितरणचे बिल येते, ते भरले जाते आणि वहीत 'लाइट बिल' या नावाखाली एक आकडा पडतो.

सांगलीची कापड पेठ घ्या किंवा साताऱ्याची सदाशिव पेठ. जुन्या दुकानांची बांधणी साधारण सारखीच. तोंड अरुंद, आत लांबच लांब, वर पोटमाळा आणि मागे गोदाम. मागच्या भागात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय ताग्यावरचा नंबर वाचता येत नाही. सकाळी दुकान उघडताना पोऱ्या एका दमात सगळी बटणे दाबतो आणि रात्री शटर ओढताना ती बंद करतो. मधल्या अकरा तासांत गोदामात माणूस असतो किती वेळ? तागा काढायला, आलेला माल लावायला, दुपारचा डबा खायला, असे सगळे मिळून फार तर तीन तास. उरलेले आठ तास दिवे कापडाच्या गठ्ठ्यांसाठी जळतात.

यावर इलाज म्हणून अलीकडे इलेक्ट्रिकवाले आणि फिरते एजंट 'सेन्सर' नावाची वस्तू सुचवितात. माणूस आला की दिवा आपोआप लागतो, माणूस गेला की विझतो. वस्तू चांगली आहे. मात्र ती कोठेही लावली तरी पैसे वाचतात, हे जे सांगितले जाते ते खरे नाही. काही ठिकाणी ती चार-पाच महिन्यांत आपली किंमत फेडते, काही ठिकाणी चार वर्षांतही फेडत नाही आणि एक-दोन ठिकाणी तर ती लावूच नये. म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंनी ती घेण्यापूर्वी तिचे काम कसे चालते हे समजून घ्यावे.

छताला चिकटवलेली पांढरी, दुधी काचेसारख्या प्लास्टिकच्या घुमटाची डबी पुष्कळांनी पाहिली असेल. तिला 'पीआयआर' सेन्सर म्हणतात. पुष्कळांना वाटते की तिच्यातून काही किरण बाहेर पडतात आणि माणसाला लागून परत येतात. तसे काही नाही. ती बाहेर काहीच सोडत नाही, नुसती पाहत बसते. प्रत्येक गरम वस्तूतून डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण निघत असतात, तसे ते माणसाच्या अंगातूनही निघतात. डबीच्या आत या किरणांनी ज्याच्यावर विजेचा सूक्ष्म भार तयार होतो असा एक तुकडा असतो आणि त्याचे दोन भाग केलेले असतात. घुमटावर ज्या बारीक चौकटी दिसतात ती भिंगे होत. ती खोलीचे अनेक पट्टे पाडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की तुकड्याच्या एका भागावर उष्णता आधी पडते, दुसऱ्यावर नंतर. हा फरक म्हणजेच 'कोणी तरी हलले' अशी खबर. मग आतला रिले चिकटतो आणि दिवा लागतो.

यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, हा सेन्सर माणूस ओळखत नाही, हालचाल ओळखतो. दुसरी, माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला तर तो चटकन दिसतो. सरळ त्याच्याच दिशेने चालत आला तर उशिरा दिसतो. तिसरी गोष्ट आपल्या भागाची. आसपासच्या हवेपेक्षा माणूस वेगळा गरम असला तरच तो दिसणार. माणसाच्या कातडीचे तापमान साधारण ३३-३४ अंश. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पारा ४० पर्यंत जातो आणि पत्र्याच्या गोदामात दुपारी हवा, भिंत व माणूस जवळजवळ एकाच तापमानाला येतात. अशा वेळी चांगला सेन्सरही अर्धा आंधळा होतो. जानेवारीत बसवून पाहिला आणि पसंत केला, तरी त्याची खरी परीक्षा मे महिन्यात आहे. म्हणून पत्र्याखालच्या जागेत एकाऐवजी दोन बसवावेत आणि अंतर जवळ ठेवावे.

दुसऱ्या प्रकारचा सेन्सर 'मायक्रोवेव्ह' या नावाने मिळतो. तो मात्र स्वतः लहरी सोडतो, बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या, आणि हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीतला फरक ओळखतो. त्याला उन्हाळ्याची अडचण नाही आणि तो लहान हालचालही टिपतो. परंतु त्याचा गुण हाच त्याचा दोष. या लहरी काच, प्लायवूडचे पार्टिशन आणि कापड यांतून आरपार जातात. शो-विंडोजवळ तो लावला तर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला तो गिऱ्हाईक समजेल. फिरता छतपंखा जवळ असेल तर तो माणूस समजून दिवसभर दिवा चालू ठेवील. पीआयआरचे उलट आहे. शरीराची उष्णता साध्या काचेतून पलीकडे जात नाही, म्हणून काचेच्या आतला पीआयआर रस्त्यावरच्या गर्दीने फसत नाही. पण त्याच कारणाने ताग्यांनी भरलेल्या मांडणीपलीकडचा माणूस त्याला दिसत नाही. दोन्ही पद्धती एकत्र असलेले सेन्सरही मिळतात, किंमत जास्त. अलीकडे त्याहून बारीक लहरींचे, शांत बसलेल्या माणसाच्या श्वासाने होणारी छातीची हालचालही टिपणारे सेन्सर बाजारात आले आहेत. लहान दुकानाला त्यांची गरज क्वचितच पडते.

आता हिशोब. हिशोबासाठी विजेचा दर युनिटला १२ रुपये धरू. आपला दर काढायचा असेल तर बिलातला स्थिर आकार बाजूला ठेवावा, कारण दिवे विझवून तो कमी होत नाही. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावरचे विद्युत शुल्क एवढेच युनिटबरोबर घटते. त्या बेरजेला युनिटने भागले की आपला खरा दर निघेल.

समजा गोदामात १० जुन्या ट्यूब आहेत. ४० वॅटची ट्यूब आणि तिचा चोक मिळून सुमारे ५५ वॅट, म्हणजे एकूण ५५० वॅट. दिवसाला ११ तास आणि महिन्याला २६ दिवस म्हटले की २८६ तास झाले. वीज लागली १५७ युनिट, रुपये सुमारे १,८८८. याच ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी ट्यूब लावल्या आणि बाकी काही बदलले नाही, तरी वीज ५७ युनिटवर येते, रुपये सुमारे ६८६. महिन्याला १,२०० रुपये वाचले. एक एलईडी ट्यूब २५० रुपयांची धरली तर २,५०० रुपयांचा खर्च सव्वादोन महिन्यांच्या आत भरून निघाला. सेन्सरचे नावही अजून आलेले नाही.

आता सेन्सर लावला. माणूस गोदामात तीन तास असतो, पण तो बाहेर गेल्यावर दिवा काही मिनिटे चालू राहतो, म्हणून चार तास धरू. वीज लागेल २१ युनिट, रुपये २५०. म्हणजे सेन्सरने महिन्याला सुमारे ४३६ रुपये वाचविले. दोन सेन्सर प्रत्येकी ६०० रुपयांचे आणि वायर-मजुरीचे ८०० मिळून खर्च झाला २,०००. तो पाच महिन्यांच्या आत फिटला. नफ्याचा सौदा आहे, यात शंका नाही.

पण एक गंमत पाहा. जुन्या ट्यूब तशाच ठेवून नुसता सेन्सर लावला असता, तरी वीज ५७ युनिटच लागली असती. म्हणजे सेन्सर नसलेल्या एलईडीइतकीच. शिवाय जुनी ट्यूब वारंवार चालू-बंद केली की तिची टोके लवकर काळी पडतात आणि ती लवकर जाते, सीएफएलचेही तेच. एलईडीला या चालू-बंदचा फारसा त्रास नाही. म्हणून आधी एलईडी, मग सेन्सर, हा क्रम उलटा करू नये. एजंट मात्र सेन्सरची बचत सांगताना हिशोब नेहमी जुन्या ५५ वॅटवर मांडतात.

आणि तोटा कोठे आहे तेही पाहा. दुकानाच्या संडासात ९ वॅटचा एक बल्ब आहे. तो दिवसाला चार तास विसरून चालू राहतो असे धरले तरी महिन्याला एक युनिटही वाया जात नाही, रुपये ११. त्यासाठी ५०० रुपयांचा सेन्सर लावला तर पैसे फिटायला पावणेचार वर्षे लागतील. त्यात सेन्सर स्वतः अर्धा वॅट तरी खातो, रात्रंदिवस. म्हणजे महिन्याला चार रुपये. तिथे दारावर पाटी लावणे जास्त बरे! मात्र मशिदीचा वुजूखाना, शादीखान्याची स्वच्छतागृहे, बसस्थानकासारखी सार्वजनिक ठिकाणे यांची गोष्ट वेगळी. तिथे दिवे अनेक असतात आणि बटण बंद करणे हे कोणाचेच काम नसते. जे दिवे सर्वांचे ते कोणाचेच नाहीत, म्हणून सेन्सरचा फायदा तिथे सर्वांत मोठा. इमारतींचे जिने, तळघरातले पार्किंग, मिरजेच्या दवाखान्यांचे लांब बोळ आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या लॉजमधले पावसाळ्यात ओस पडणारे मजले याच खात्यात येतात. एक खबरदारी ठेवावी, जिना आणि बोळ पूर्ण अंधारात जाऊ देऊ नये. तीन-चार दिव्यांपैकी एक कायम चालू ठेवून बाकीचे सेन्सरवर द्यावेत. रेल्वेनेही २०२१ च्या सुमारास भोपाळ, जबलपूर अशा स्टेशनांवर हीच रीत अवलंबिली. गाडी आली की फलाटाचे सगळे दिवे आणि गाडी गेली की त्यातले काही आपोआप बंद.

आपल्या भागात सेन्सरला सर्वांत योग्य जागा कोणती असेल, तर माझ्या मते बेदाण्याची शीतगृहे. तासगाव, सांगली, मिरज या पट्ट्यात ती पुष्कळ आहेत. तिथे दिव्याचा खर्च दोनदा होतो. दिवा वीज खातो ती शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसर पुन्हा वीज खातो. दिव्याच्या विजेच्या साधारण पाव ते तिसऱ्या भागाइतकी. खोलीत माणूस मात्र माल ठेवण्यापुरता आणि काढण्यापुरता. शिवाय थंडीत माणूस आणि हवा यांच्यातला फरक मोठा, म्हणून पीआयआरला माणूस लख्ख दिसतो. मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोदामाच्या अगदी उलट. एवढेच पाहावे की तो सेन्सर तेवढ्या थंडीसाठी बनविलेला आहे, आणि आत माणूस असताना दिवा गेला तर बाहेर पडता येईल असा एक दिवा दाराजवळ कायम असावा.

आता नको त्या जागा. मिरजेत सतार आणि तंबोरे घडविणारे कारागीर पिढ्यानपिढ्या काम करीत आहेत. जवारी काढायला बसलेला कारागीर तासन्‌तास जागचा हलत नाही. हलतात ती फक्त बोटे, तीही दोन-चार सूत. छतावरच्या सेन्सरच्या लेखी ती खोली रिकामी. ऐन नाजूक कामात दिवा जाईल आणि बिचाऱ्याला हात हवेत हलवून तो परत लावावा लागेल. शिलाईकाम, जरीकाम, घड्याळदुरुस्ती, हिशोबाची वही, या सगळ्यांना हेच लागू आहे. कारागिराच्या डोक्यावरचा २० वॅटचा दिवा दिवसभर जळला तरी तीन रुपये लागत नाहीत. त्याच्या डोळ्याची किंमत त्याहून जास्त आहे आणि बिघडलेल्या नगाचीही. तिथे बचत करूच नये. पॉवरलूम, करवत किंवा कोणतेही फिरते यंत्र जिथे आहे तिथे तर सेन्सर मुळीच नको. विट्यासारख्या मागांच्या गावात शेडमधला दिवा एक क्षण गेला तरी हात जाऊ शकतो.

दुसरी नको ती जागा म्हणजे कापड दुकानातली ट्रायल रूम. इथे अडचण हिशोबाची नाही, विश्वासाची आहे. कपडे बदलायला गेलेल्या बाईने वर पाहिले आणि छताला गोल डबी व तिच्यात लुकलुकणारा लाल ठिपका दिसला, तर तिच्या मनात पहिली शंका कॅमेऱ्याची येणार. पीआयआरमध्ये चित्र घेण्याची सोयच नाही, हे आपल्याला माहीत. तिला कोण सांगणार? आणि सांगितले तरी ती का मानील? बाजारात शब्द फिरायला एक दिवस पुरतो. फ्रिजच्या दारात असते तसे साधे बटण ट्रायल रूमच्या कडीला बसवून घ्यावे. कडी लागली की दिवा लागेल, उघडली की जाईल. खर्च शंभराच्या घरात आणि कोणाला शंका घ्यायला जागा नाही.

बसविताना होणारे घोटाळे बहुतेक वायरिंगचे असतात. आपल्या जुन्या इमारतींत बटणाच्या डब्यात फक्त फेज उतरविलेली असते, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. चांगल्या सेन्सरला दोन्ही लागतात. न्यूट्रल नसताना चालणारे सेन्सर मिळतात, पण ते आपली वीज दिव्यातूनच ओढून घेतात. मग एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लपलपतो. म्हणून सेन्सर बटणाच्या जागी न लावता छतावर दिव्याजवळ लावावा, तिथे दोन्ही वायर सापडतात. डबीवर '१० अँपिअर' लिहिलेले असते त्यावर जाऊ नये. तो आकडा साध्या बल्बचा. एलईडीच्या आतला ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर पुष्कळ मोठा करंट ओढतो आणि अशा वीस-पंचवीस ट्यूब एका सेन्सरवर दिल्या तर रिलेची टोके चिकटून बसतात. दिवा मग कधीच विझत नाही आणि मालक समजतो की सेन्सर काम करतो आहे! एलईडीचा भार किती वॅट, हे पुठ्ठ्यावर वेगळे लिहिलेले असते, ते वाचावे. भार मोठा असेल तर मध्ये काँटॅक्टर बसवावा. वीज जाऊन परत आली की पीआयआर अर्धा-एक मिनिट दिवा लावून ठेवतो. तो बिघाड नव्हे, तो स्वतःला सावरून घेत असतो.

डबीवर तीन लहान खिट्ट्या असतात. 'लक्स' म्हणजे किती अंधार झाल्यावर काम सुरू करायचे. खिडकीतून उजेड येणाऱ्या पुढच्या भागात ही नीट लावली तर दुपारी दिवा लागणारच नाही. 'सेन्स' म्हणजे किती लांबचे पाहायचे. तिसरी 'टाइम', आणि सगळी मेख हिच्यात आहे. आपला व्यापारी काटकसरी, तो ती दहा सेकंदांवर ठेवतो. मग ताग्याचा नंबर वाचता वाचता दिवा जातो, नोकर वैतागतो, आणि पंधरा दिवसांत कोणी तरी वायरचा तुकडा टाकून सेन्सर बाजूला काढतो. एका ओळखीच्या दुकानात सहापैकी चार सेन्सर असे निकामी केलेले मी पाहिले आहेत. डब्या छताला तशाच आहेत, दिवे मात्र दिवसभर चालू. हिशोब करा. वर धरलेल्या दहा एलईडी ट्यूब पाच मिनिटे जास्त जळल्या तर खर्च होतो वीस पैसे. गोदामाला पाच मिनिटे, जिन्याला तीन, बैठकीच्या खोलीला पंधरा, असे खुशाल द्यावे.

सरकारी नियमही याला धरून आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, त्याखाली २००२ मध्ये केंद्रात ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली. २०१७ च्या सुधारित संहितेत माणूस गेल्यावर पंधरा मिनिटांच्या आत दिवे बंद करणारे सेन्सर बैठकीच्या खोल्या, साठवणीच्या जागा, सार्वजनिक स्वच्छतागृहे अशा ठिकाणी सांगितले आहेत. ही संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. पेठेतल्या दुकानाला तिची सक्ती नाही. पुण्यात हडपसरला सुझलॉन कंपनीचे 'वन अर्थ' हे मुख्यालय २००९-१० च्या सुमारास उभे राहिले. तिथे प्रत्येकाच्या टेबलावरचा दिवा माणूस व उजेड पाहून चालतो. याच कंपनीच्या पवनचक्क्या आपल्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर फिरताना दिसतात. पवनचक्क्या बनवून पैसा मिळविणाऱ्या कंपनीने आपल्या घरात एकेक दिवा मोजावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याच जिल्ह्यात कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे, मग आपल्याला विजेचा काय तोटा, असे म्हणणारे भेटतात. कोयनेचे पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरते, ते कृष्णेत परत येत नाही. लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिले आहे. संध्याकाळी दिवे लागणीला मागणी चढते तेव्हा हेच पाणी खाली सोडावे लागते, आणि सांगलीचा ऊस, हळद व त्यांच्यावर उभी असलेली आपली दिवाळी-ईदची विक्री, दोन्ही त्याच कृष्णेवर आहेत.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी सगळे दुकान एकदम करू नये. आठवडाभर गोदामाच्या दारावर कागद लावून आत कोण किती वाजता गेला व आला एवढे नोंदवावे. रिकामा वेळ निम्म्याहून जास्त निघाला तर एका गल्लीत एक सेन्सर लावावा. दोन मांडण्यांमधल्या गल्लीच्या मधोमध, दहा फुटांच्या आत उंचीवर, पंख्यापासून आणि दारातून येणाऱ्या उन्हापासून दूर. जुने बटण काढून टाकू नये. सेन्सर बिघडला तर रमजानच्या गर्दीत इलेक्ट्रिशियन शोधत बसण्यापेक्षा ते दाबून काम चालू ठेवता येते. पावतीवर वॉरंटीची तारीख लिहून घ्यावी, आणि मे महिना वॉरंटीच्या आत येतो की नाही ते पाहावे.